‘परित्यक्त’ : एका मूळशोधाचं प्रकरण

नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. जिच्याबद्दल लिहिते आहे तिला इथे सई म्हणू. हे सगळं लिहायला तिची परवानगी आहे, आणि मसुदा तिने वाचून दोन ठिकाणी खोडलाही आहे. मी समुपदेशक आहे आणि दत्तक कुटुंबांसोबत काम करते. या प्रकरणात मी सईच्या बाजूने होते, कार्यालयाच्या बाजूने नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

पार्श्वभूमी

आपण दत्तक आहोत हे सईला कळल्याचा असा काही प्रसंगच नाही. आठवतं तेव्हापासून तिला ते ठाऊक होतं. वाढदिवस व्हायचाच, शिवाय ती घरी आली त्या तारखेलाही घरात गोडधोड व्हायचं. बाबा गेल्यावरही आईने ते सोडलं नाही. थोडक्यात, घरात लपवाछपवी नव्हती. मूळशोधाला, म्हणजे जन्मदात्यांच्या शोधाला, येणारी माणसं घरच्यांवर नाराज असतात असा एक समज आहे. माझ्याकडे आलेल्यांपैकी बरेच जण सईसारखे होते : घरात सुखी आणि तरीही एक प्रश्न बाळगून असलेले.

२०२२ मध्ये ती गरोदर राहिली. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन नऊच्या वर चढेना, म्हणून डॉक्टरांनी एचपीएलसी ही रक्ततपासणी करायला सांगितली. त्यात एचबीए-२, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक प्रकार, साडेपाच टक्के आलं. साधारण साडेतीनच्या पुढे गेलं की बीटा थॅलेसेमियाची वाहक म्हणतात, म्हणजे बोलीभाषेत ‘थॅलेसेमिया मायनर’. स्वतःला त्रास असा फारसा नसतो. दोघंही आईबाप वाहक असतील तरच मुलाला गंभीर आजाराचा धोका असतो. सईच्या नवऱ्याची तपासणी स्वच्छ आली, त्यामुळे धोका टळला. पण फॉर्म भरताना डॉक्टरांनी सवयीने विचारलं, “माहेरी कुणाला आहे का? मूळचे कुठले तुम्ही?” सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त असतं, म्हणून हा प्रश्न विचारतात. सईने ‘माहीत नाही’ असं सांगितलं. डॉक्टरांनी तिथे एक आडवी रेघ मारली.

“ताई, ती रेघ माझ्या डोळ्यासमोरून जात नाही,” ती मला पहिल्या भेटीत म्हणाली. तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती आणि तिच्या मांडीवर झोपली होती.

हाती काय होतं

दोन कागद. एक जिल्हा न्यायालयाच्या १९८९ च्या आदेशाची प्रमाणित नक्कल, इंग्रजीत टाइप केलेली, दीड पान. दुसरं दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं दत्तकपत्र. आदेशात सईचं संस्थेने ठेवलेलं नाव होतं, जन्मतारीख होती, आणि मुलीला आईवडिलांनी ‘अबँडन’ केलं आहे असं एक वाक्य होतं. दत्तकपत्रात त्याचंच मराठी होतं : ‘परित्यक्त’.

हा आदेश सईने चौदाव्या वर्षी, कपाट आवरताना वाचला होता. तिने कुणाला काही विचारलं नाही. शब्दकोशात अर्थ पाहिला आणि मनाशी एक चित्र तयार केलं : देवळाची पायरी, पहाट, कापडात गुंडाळलेलं बाळ. पायरी तिच्या शाळेच्या वाटेवरच्या देवळाची होती. वीस वर्षं ती त्या चित्रासोबत राहिली.

इथे मला तिला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगताना घाई होऊ नये म्हणून मी पुढच्या भेटीपर्यंत थांबले. १९८९ मध्ये हिंदू कुटुंबात संस्थेतून मूल दत्तक जायचं ते हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ खाली. त्याच्या कलम ९(४) प्रमाणे संस्थेची अधीक्षिका, म्हणजे मुलाची पालक, न्यायालयाच्या परवानगीने मूल दत्तक देऊ शकते. पण केव्हा? आईवडील मेले असतील, त्यांनी संन्यास घेतला असेल, मुलाचा परित्याग केला असेल, ते वेडे ठरले असतील किंवा मुलाचे आईबाप कोण हेच माहीत नसेल, तेव्हा. ‘आईने शुद्धीवर राहून, सही करून मूल संस्थेच्या हवाली केलं’ असा रकाना त्या कलमात नाहीच. मग वकील अशी मुलंही ‘परित्याग’ या रकान्यात बसवायचे. नंतर बाल न्याय कायद्याने अनाथ, टाकलेलं आणि आईबापांनी स्वतः स्वाधीन केलेलं मूल असा फरक केला. जुन्या आदेशांत तो सापडत नाही.

म्हणजे सईच्या आदेशातला तो शब्द पायरीबद्दल काहीच सांगत नव्हता. तो फक्त कलमाची भाषा बोलत होता.

मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे पायरी असेलही.” “असेलही,” मी म्हटलं. खोटी आशा लावण्यात अर्थ नव्हता.

अडचण

परदेशी मालिकांत दाखवतात तसा लाखेची मोहोर लावलेला लखोटा आपल्याकडे नसतो. आपल्याकडे कपाट असतं, त्याची किल्ली कुणाकडे तरी असते, आणि त्या माणसाचं स्वतःचं एक मत असतं.

कायदा तसा दत्तक व्यक्तीला पाठमोरा नाही. १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी कुटुंबांत जाणाऱ्या दत्तकांबद्दल लिहिताना म्हटलं होतं की जाणत्या वयाच्या दत्तक व्यक्तीला जन्मदात्यांची माहिती द्यायला फारशी हरकत नसावी, मात्र ती देणं न देणं दत्तक पालकांच्या मर्जीवर ठेवलं होतं. आताचे दत्तक विनियम, २०२२ याच्या पुढे जातात. दत्तक व्यक्तीने मूळशोधासाठी संपर्क केला तर केंद्रीय दत्तक प्राधिकरण ‘कारा’, राज्याची दत्तक यंत्रणा ‘सारा’, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि दत्तक संस्था यांनी तिला मदत करायची आहे. पण आईने मूल स्वाधीन करताना नाव गुप्त ठेवा असं सांगितलं असेल तर तिची संमती लागते. ती नाही म्हणाली किंवा सापडलीच नाही, तर मूल का आणि कोणत्या परिस्थितीत सोडलं एवढं सांगता येतं. तिसऱ्या माणसाला हा शोध घेता येत नाही. आणि दत्तक व्यक्तीच्या हक्काने जन्मदात्यांच्या खासगीपणावर गदा येता कामा नये, हेही त्यात स्पष्ट आहे.

हे शेवटचं कलम वाचून सई चिडली होती. “माझा हक्क तिच्या हक्कापेक्षा लहान का?” प्रश्न बरोबर होता. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंना शब्द दिला गेला होता, आणि त्यातला एकच लेखी होता. गुप्ततेच्या या शब्दाचा आपल्या मातीतला इतिहासही जुना आहे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते या गुप्ततेच्या आधारावरच. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, बाळंत व्हावं, नाव बाहेर फुटणार नाही. तिथेच जन्मलेल्या यशवंतला पुढे त्यांनी दत्तक घेतलं. ती गुप्तता नसती तर त्या बायका आल्या नसत्या आणि बाळं जगली नसती. सव्वाशे वर्षांनंतर सईची आई ज्या संस्थेत आली, तिथेही तिला तोच शब्द मिळाला असणार.

पर्याय

माझ्याकडे येण्याआधी सईचा एक पर्याय वापरून झाला होता : माहितीचा अधिकार. एका सरकारी कार्यालयाकडे तिने दहा रुपये भरून अर्ज केला होता. कलम ८(१)(ञ) प्रमाणे वैयक्तिक माहिती म्हणून तो फेटाळला गेला, आणि ते अपेक्षितच होतं. नुकसान वेगळंच झालं. त्या अर्जाची प्रत संस्थेकडे अभिप्रायासाठी गेली आणि तिथल्या विश्वस्तांनी वकील गाठला. मूळशोधाची विनंती आणि माहिती अधिकाराचा अर्ज यांतला सूर संस्थेच्या माणसाला लगेच ऐकू येतो. पहिल्यात एक मुलगी काहीतरी विचारत असते, दुसऱ्यात कुणीतरी जाब मागत असतं.

न्यायालयाचा मार्ग होता. सईने अभिलेख कक्षात अर्ज टाकून पाहिला. मूळ अर्जाची फाईल नियमाप्रमाणे नष्ट झालेली, आदेश तेवढा शिल्लक. आदेश तर तिच्याकडे होताच.

डीएनए तपासणीचा विचार तिच्या नवऱ्याने मांडला. परदेशी कंपन्यांकडे लाळेचा नमुना पाठवला की जुळणारे नातेवाईक दाखवतात. मी याला विरोध केला नाही, फक्त दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्या साठ्यांत इथले लोक फार कमी आहेत, त्यामुळे बहुधा दूरचे भाऊबंदच हाती लागतील. दोन, एखादा जवळचा लागलाच, तर गुपित फुटेल ते त्या बाईला न विचारता, तिच्या पुतण्याच्या मोबाइलवर. सईने तो पर्याय बाजूला ठेवला. कायमचा नाही, पण बाजूला.

खासगी शोध घेणारे लोकही असतात. तो मार्ग नियमात बसत नव्हता आणि मला पटतही नव्हता, त्यामुळे त्यावर आम्ही पाच मिनिटंसुद्धा घालवली नाहीत.

उरला तो सरळ मार्ग : ‘कारा’कडे अर्ज, ‘सारा’ आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला प्रत.

पहिला निर्णय : अर्जात कारण काय लिहायचं

नवऱ्याचं म्हणणं होतं की थॅलेसेमियाचा अहवाल जोडावा, ‘वैद्यकीय निकड’ लिहावं, म्हणजे कागद लवकर हलेल. मोह मलाही झाला. पण निकड नव्हती. नवऱ्याची तपासणी स्वच्छ होती आणि बाळ ठणठणीत होतं. एखाद्या अधिकाऱ्याने डॉक्टरांना विचारलं असतं तर अर्जातली एकच खोटी गोष्ट बाकीच्या खऱ्या गोष्टींनाही घेऊन बुडाली असती. शिवाय खरी निकड घेऊन येणारा माणूस उद्या त्याच टेबलावर येणार असतो.

सईने शेवटी चार ओळी लिहिल्या. माझा जन्म कुठे झाला, मला तिथे कोणी आणलं, मला का सोडलं, हे जाणून घ्यायचं आहे. शक्य असेल तर आणि त्यांची इच्छा असेल तर आईला भेटायचं आहे. रक्ताचा अहवाल तिने जोडला, पण ‘माहितीसाठी’ म्हणून.

दुसरा निर्णय, जो आम्ही घेतलाच नाही

आईला सांगायचं की नाही? सईची आई एकाहत्तर वर्षांची, तिच्याच घरी राहणारी. कायद्याने तिच्या संमतीची गरज नव्हती, कारण सई सज्ञान होती. सई म्हणाली, “काहीतरी हाती लागू दे, मग सांगते. उगाच तिच्या जिवाला घोर नको.” मी मान डोलावली. पुढचा सगळा उशीर या मान डोलावण्यातून झाला.

चार महिने काही झालं नाही. मग एके दुपारी सई कामावर असताना स्पीड पोस्टाने लिफाफा आला. बाहेर शिक्का : जिल्हा बाल संरक्षण कक्ष. आईने सही करून घेतला. ‘बाल संरक्षण’ एवढं वाचून म्हातारीच्या पोटात गोळा आला. तिला वाटलं, नातीबद्दल कुणी तक्रार केली की काय. तिने पाकीट फोडलं. आत दोन ओळी होत्या : आपल्या मूळशोधाच्या अर्जासंदर्भात संस्थेने कळवलं आहे की सदर नावाची नोंद आढळून येत नाही.

दोन दिवस आई सईशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी जावयाला माळ्यावरून एक ॲल्युमिनियमचा डबा काढायला लावला. त्यात विटलेलं दुपटं होतं, प्लॅस्टिकची दुधाची बाटली होती आणि चौघडी केलेला एक कागद होता. संस्थेतून बाळ नेताना दिलेलं दुधाचं वेळापत्रक : सकाळी सहा, नऊ, बारा. वरच्या कोपऱ्यात हाताने लिहिलेला एक आकडा, तिरकी रेघ, आणि ८९.

तो दाखल क्रमांक होता.

“मला विचारलं असतंस तर,” आई एवढंच म्हणाली. मग आणखी एक गोष्ट सांगितली, जी सईने कधी ऐकली नव्हती. बाळ हातात देताना तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, “आईने तीन आठवडे अंगावर पाजलंय हो, म्हणून अशी गुटगुटीत आहे.” आईने हे इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, ऐकून सईला वाईट वाटेल. सईच्या देवळाच्या पायरीबद्दल आईला काहीच कल्पना नव्हती.

रजिस्टर

क्रमांक मिळाल्यावर संस्थेला ‘आढळत नाही’ म्हणता येईना. संस्थेचं दत्तकाचं काम कधीच बंद पडलं होतं. आता तिथे नोकरदार मुलींचं वसतिगृह चालतं. सचिव सत्तरीच्या बाई होत्या, बोलायला करड्या, पण खोट्या नव्हत्या. “मोठ्या बाईंनी त्या मुलींना शब्द दिला होता. त्या गेल्या म्हणून शब्द मोडायचा का आम्ही?” बाल संरक्षण कक्षाच्या समुपदेशकेने त्यांना विनियमांची प्रत दाखवली आणि सांगितलं की शब्द मोडायचा नाही, शब्दाच्या आतलं जे सांगता येतं तेवढंच सांगायचं आहे.

सईला नोंद दाखवायचं ठरलं त्या दिवशी मीही गेले होते. गाद्यांच्या गठ्ठ्यांमागे, उघड्या रॅकवर, लाल कापडी बांधणीची रजिस्टरं एकावर एक पडली होती. समुपदेशकेने १९८९ चं काढलं, पान उघडलं आणि सईला आत बोलावण्याआधी पांढऱ्या कागदाची एक पट्टी कापून ‘मातेचे नाव’ आणि ‘पत्ता’ या दोन रकान्यांवर दोन क्लिपांनी बसवली. पट्टी नीट बसते ना ते बोट फिरवून पाहिलं. मी त्या वेळी दाराशीच होते आणि मुद्दाम पाठ केली होती. नियमाने मी तिसरी व्यक्ती. त्या बाईंचं नाव, गाव मला आजही माहीत नाही.

सईने ती ओळ उभ्या उभ्या वाचली. निळ्या शाईत : मुलगी, वय १ दिवस, वजन २ किलो १००, आणणारी व्यक्ती मातेची मावशी. शेऱ्यात : ‘माता कुमारी. संस्थेत २३ दिवस. अंगावर पाजते.’ त्याखाली काळ्या शाईत, वेगळ्या हाताने, दत्तक गेल्याची तारीख. संस्थेने ठेवलेलं नावही होतं, आदेशात होतं तेच.

“पायरी नाही,” सई म्हणाली. इतकंच. मग पट्टीच्या कडेला बोट लावून ती थोडा वेळ उभी राहिली. उचलली नाही.

फाईलमध्ये स्टॅम्पपेपरवरचं सोडपत्र निघालं. त्यात शेवटी एक ओळ होती : माझे नाव व पत्ता कोणासही कळू नये. त्या ओळीने पुढचा रस्ता ठरवला. आता संमती लागणार होती.

तिसरा निर्णय : दार कसं वाजवायचं

या प्रकरणात मला सर्वात अवघड वाटलेला भाग हाच, आणि यावर लिहिलेलं फार कमी सापडतं. पस्तीस वर्षांपूर्वीची कुमारी माता आज पन्नाशीच्या पुढची असते. नवरा असेल, सुना-जावई असतील, आणि त्यांच्यापैकी कुणालाही ठाऊक नसेल. पत्र पाठवावं तर सईच्या घरी जे झालं तेच तिथे व्हायचं. फोन करावा तर उचलणार कोण? गावात दोन ठिकाणी चौकशी केली की तिसऱ्या दिवशी ‘तिच्याबद्दल कोण विचारत होतं’ ही चर्चा सुरू.

बैठकीत एकाने सुचवलं की बचत गटाच्या सर्वेक्षणाचं निमित्त करून जावं. मला बोलायचा अधिकार नव्हता, तरी बोलले. ज्या बाईला एकदा गुप्ततेचा शब्द दिलाय, तिच्याकडे दुसऱ्यांदा खोटं बोलून जायचं? समुपदेशकेने मधला मार्ग काढला. ती एकटी जाईल आणि चारचौघांत जे खरं आहे तेवढंच सांगेल : महिला व बाल विकास विभागाकडून आले आहे, दोन मिनिटं बोलायचं होतं.

ती गेली. बाई अंगणात एकट्या सापडल्या हे नशीब. समुपदेशकेने संस्थेचं नाव आणि वर्ष सांगितलं आणि विचारलं, “ती मुलगी आता मोठी झाली आहे. तिला तुम्हाला भेटायचंय. भेटाल का?”

“तुमची काहीतरी चूक होतेय. ती मी नव्हे.”

समुपदेशकेने माफी मागितली आणि निघाली. फाटकापाशी मागून प्रश्न आला, “ते रजिस्टर कुणाकडे असतं?”

“कुलपात असतं.”

“मग राहू दे तसंच.”

चौथा निर्णय : अहवालात काय लिहायचं

पहिला मसुदा असा होता : ‘सदर महिलेचा शोध लागला नाही.’ वरिष्ठांचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. विनियमांच्या दृष्टीने नकार आणि ‘सापडली नाही’ या दोन्हींचा परिणाम एकच, अर्जदाराला परिस्थिती तेवढी सांगायची. मग ‘नकार’ लिहून मुलीला दुखवा कशाला, आणि आई हयात आहे असा सुगावा तरी कशाला द्या?

समुपदेशकेला ते पटलं नाही, मलाही नाही. ‘सापडली नाही’ म्हटलं की शोधणारा थांबत नाही, तो स्वतः निघतो. सईने पुढे डीएनएचा नमुना पाठवला असता, मग आणखी काही. नकार कळलेला माणूस निदान दार कुठे आहे आणि ते बंद आहे हे जाणतो. पंधरा दिवसांच्या चर्चेनंतर वाक्य ठरलं : ‘संबंधित व्यक्तीशी संपर्क झाला. ओळख उघड करण्यास संमती मिळाली नाही.’ गाव, अंतर, कुटुंब, काही नाही. रजिस्टरबद्दलचं बोलणं कागदावर घेतलं नाही. त्यातून ओळख पटण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते समुपदेशकेने सईला समोर बसवून सांगितलं.

मी शेजारी होते. मला वाटलं ती रडेल. तिने विचारलं, “पण कुलपात कुठे होतं ते? गाद्यांच्या मागे होतं.”

काय हाती लागलं

अर्जापासून अहवालापर्यंत चौदा महिने गेले. सईला जन्माची जागा, वजन, आणणाऱ्या व्यक्तीचं नातं, आईचं तेव्हाचं वय (एकोणीस), शिक्षण आणि सोडण्यामागची परिस्थिती लेखी मिळाली. परिस्थिती म्हणजे लग्नाचं वचन आणि नंतर मोडलेलं बोलणं. अशा फायलींत ती नेहमीच दोन ओळींत उरकलेली असते. नाव मिळालं नाही. थॅलेसेमिया कुठून आला तेही कळलं नाही. मुलगी एक वर्षाची झाल्यावर तिचीही तपासणी झाली. ती वाहक नाही.

आज पुन्हा करायचं तर

आईला पहिल्या दिवशी सांगायला लावीन. हट्टाने नाही, पण मान तरी डोलावणार नाही. दत्तक आईबापांकडे डबे असतात, पाठीमागे काही लिहिलेले फोटो असतात, कुणाचं तरी ऐकलेलं वाक्य असतं. सरकारी फाईल शोधण्याआधी घरचा माळा शोधावा. आणि कार्यालयाशी पत्रव्यवहाराचा पत्ता घरचा द्यायचा नाही, हे इतकं साधं मला सुचायला हवं होतं.

माहिती अधिकाराचा अर्ज झालेला होता, त्याला इलाज नव्हता. पण संस्थेकडे पहिलं पत्र आमच्या बाजूने सौम्य भाषेत आधीच गेलं असतं, तर सचिवबाईंनी कदाचित वकिलाशिवाय उत्तर दिलं असतं.

सर्वात मोठी चूक अंगणातली, आणि तीत मी बैठकीपासून सामील होते. आम्ही कसं जायचं यावर तीन तास बोललो, काय विचारायचं यावर पाच मिनिटं. ‘भेटाल का?’ हा सर्वात मोठा प्रश्न सर्वात आधी विचारला गेला. त्याआधी सांगायला हवं होतं की तुमचं नाव कुणालाही दिलेलं नाही आणि तुम्ही सांगेपर्यंत दिलं जाणार नाही. मग लहान प्रश्न : तुमच्याकडे कुणाला रक्ताचा काही आजार आहे का? एवढं सांगितलंत तरी पुरे, पुन्हा कुणी येणार नाही. त्याचं उत्तर ‘ती मी नव्हे’ असंही आलं असतं. पण कदाचित दुसऱ्या कुणाबद्दल बोलल्यासारखं, तिऱ्हाइताच्या आडून, आलं असतं. दुसऱ्यांदा जाण्याची शिफारस मी केली नाही. एकदा नाही म्हटलेल्या दारावर पुन्हा जायचं झालं तर आतून कुणीतरी बोलवायला हवं.

सईने दोन गोष्टी केल्या. संस्थेला पत्र लिहून मागणी केली की ती सगळी रजिस्टरं कुलपात ठेवा. जी बाई ते उघडावं म्हणून वर्षभर झगडली तिचंच हे पत्र पाहून सचिवबाई पहिल्यांदा हसल्या म्हणे. वसतिगृहाच्या कार्यालयातलं एक लोखंडी कपाट रिकामं झालं. किल्ल्या दोन, एक सचिवांकडे, एक बाल संरक्षण कक्षाकडे. रॅक आता मोकळा आहे, तिथेही गाद्याच आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे एक पाकीट. आत एक पानी पत्र, स्वतःचा आणि मुलीचा फोटो, रक्ताच्या अहवालाची प्रत आणि मोबाइल क्रमांक. पाकिटावर दाखल क्रमांक, तिरकी रेघ, ८९. ते त्या कपाटात, त्याच रजिस्टरमध्ये ठेवलं आहे. विचारायला कोणी आलं तर तिलाच द्यायचं. परवा सईच्या घरी मोबाइलची रेंज येईना म्हणून नवऱ्याने नवीन कार्ड आणलं होतं. तिने कंपनी बदलली. क्रमांक तोच ठेवला.